उतरण्याच्या शेताचा प्रश्न : मावळातील एका पॅराग्लायडिंग क्लबचे प्रकरण

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या मावळ भागात, पवना धरणाच्या परिसरात आणि कामशेतच्या आसपास, गेली अनेक वर्षे पॅराग्लायडिंग चालते. पावसाळा संपून भातकापणी झाली की हंगाम सुरू होतो आणि मे अखेरीपर्यंत टिकतो. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडचा असतो, म्हणून पूर्वाभिमुख टेकड्या वापरल्या जातात. फेब्रुवारीपासून दुपारी कोकणाकडून घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा नियमित होतो आणि पश्चिमाभिमुख टेकड्या उपयोगी पडू लागतात. या प्रकरणातील क्लब अशाच एका पश्चिमाभिमुख टेकडीवरून उडत असे. क्लब, गाव आणि माणसे यांची नावे येथे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदललेले आहेत.

क्लबचे सभासद पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नवी मुंबईतील नोकरदार व छोटे व्यावसायिक होते. क्लब व्यवसाय करीत नव्हता. वार्षिक वर्गणीतून विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी), वॉकीटॉकी, प्रथमोपचाराचे साहित्य आणि रिझर्व्ह पॅराशूट उघडून पुन्हा बांधण्याच्या शिबिराचा खर्च निघत असे. सुरक्षेची शिस्त चांगली होती. टेकऑफवर वाऱ्याची नोंद ठेवली जाई, ताशी २२ किलोमीटरच्या वर वारा गेला की नवे पायलट थांबवले जात आणि प्रत्येकाची पातळी एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा संघटनेच्या पॅराप्रो पद्धतीतील पाच पायऱ्यांनुसार ठरलेली असे. मात्र क्लबची कुठेही नोंदणी नव्हती. तो मित्रांचा एक जुना, शिस्तीचा गट होता आणि तेवढे पुरेसे आहे असे सर्वांना वाटत होते.

टेकऑफची जागा पायथ्याच्या शेतांपासून सुमारे १५० मीटर उंचीवर होती आणि उतरण्याचे शेत टेकडीपासून साधारण ३०० मीटर पश्चिमेला होते. ते दोन एकरांचे सपाट भातखाचर तीन भावांच्या सामाईक मालकीचे होते. भात निघाल्यावर त्यात काही पेरले जात नसे. थोरल्या भावाने, ज्यांना क्लबमधले सगळे आबा म्हणत, पुष्कळ वर्षांपूर्वी तोंडी परवानगी दिली होती. दिवाळीला क्लबकडून घरी कपडे आणि मिठाई जाई, गावच्या उत्सवाला वर्गणी जाई आणि आबा हंगामात संध्याकाळी बांधावर बसून उतरणाऱ्यांना वाऱ्याची दिशा ओरडून सांगत. लेखी काहीच नव्हते. धाकट्या दोन भावांशी क्लबचे बोलणे नमस्कारापलीकडे गेलेले नव्हते.

अडचण कशी उभी राहिली

आबांचे निधन झाल्यानंतरच्या हिवाळ्यात भावांनी जमिनीची वाटणी केली आणि मधल्या भावाने आपला हिस्सा शेतघरासाठी विकला. जानेवारीत त्या भागाला सिमेंटचे खांब रोवून काटेरी तारेचे कुंपण पडले आणि शेतघराच्या विजेसाठी कडेने नवी तारही ओढली गेली. आबांच्या हिश्शात त्यांच्या सुनेने प्रथमच हरभरा पेरला. क्लबला उतरण्यासाठी उरली ती सुमारे २० गुंठ्यांची, उत्तर-दक्षिण पसरलेली पट्टी. तिची लांबी ९० मीटर होती, पण रुंदी जेमतेम २२ मीटर.

जागा कमी झाली एवढ्यावर हे थांबत नाही. पॅराग्लायडर वाऱ्याकडे तोंड करून उतरवावा लागतो. वारा पश्चिमेचा आणि पट्टी उत्तर-दक्षिण, म्हणजे शेवटचा टप्पा पट्टीच्या लांबीवर घेता येत नाही, रुंदीवरच घ्यावा लागतो. दुपारी कोरड्या जमिनीवरून गरम हवेचा एखादा बुडबुडा सुटला की खाली आलेली विंग, म्हणजे पॅराग्लायडरचे कापडी पंख, पुन्हा तरंगते आणि वीस-पंचवीस मीटर पुढे जाऊन टेकते. पूर्वीच्या दोन एकरांत याने काहीच बिघडत नसे. आता तेवढ्या अंतरात पुढे तारेचे कुंपण होते आणि मागे हरभरा.

दुसरी अडचण गावाच्या बाजूने वाढत होती. त्याच टेकडीवर शनिवार-रविवारी एक व्यावसायिक गट पर्यटकांना टँडेम उड्डाणे, म्हणजे पायलटबरोबर जोडीने उड्डाणे, घडवीत असे आणि त्याच शेतात उतरवीत असे. पाहायला गर्दी जमे, गाड्या बांधापर्यंत येत आणि लोक हरभऱ्यातून चालत. माणशी पैसे घेणारे वेगळे आणि वर्गणी काढून उडणारे वेगळे, हा फरक गावात कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. क्लबने तो कधी सांगितलाही नव्हता.

पहिला निर्णय, जो कोणी घेतलाच नाही

कुंपण पडल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी सभासद टेकडीवर आले, त्यांनी वरून कुंपण पाहिले, आपसांत काळजी व्यक्त केली आणि नेहमीप्रमाणे उड्डाण केले. अनुभवी पायलट त्या पट्टीत व्यवस्थित उतरले. ते उतरले हे पाहून इतरांनी उड्डाण केले. पुढील आठवड्यांत हेच घडत राहिले. सुरक्षेची जबाबदारी असलेल्या सभासदाने गटाच्या संदेशात ‘उतरताना कुंपणाची काळजी घ्यावी’ असे लिहिले, आणि वाऱ्याची मर्यादा, पायलटची पातळी, विंगचा वर्ग या सर्वांचे नियम असलेल्या क्लबात उतरण्याची जागा एक चतुर्थांश झाल्यावर काय करायचे याचा नियम मात्र कोणी मागितला नाही.

या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा क्षण माझ्या मते हाच आहे, पुढे झालेला अपघात नव्हे. पट्टीत उतरता येते की नाही, हा प्रश्न चुकीच्या माणसांकडून तपासला गेला. दहा-बारा वर्षे उडणाऱ्याने तिथे उतरून दाखवणे म्हणजे त्याचे कौशल्य सिद्ध होणे, जागेची सुरक्षितता सिद्ध होणे नव्हे. शिवाय ‘उडू नका’ असे म्हणण्याचा अधिकार टेकऑफवरच्या वाऱ्यापुरता दिलेला होता, खालच्या जमिनीसंबंधी असा अधिकार कोणाकडेच नव्हता.

घटना

फेब्रुवारीच्या अखेरीस एका दुपारी, वारा मंद असताना, सुमारे वीस तासांच्या उड्डाणांचा अनुभव असलेली एक सभासद टेकडीला धरून थोडा वेळ उडून पट्टीकडे आली. तिची आखणी योग्य होती. शेवटच्या टप्प्यात विंग तरंगली, कुंपण जवळ आले आणि ते चुकवण्यासाठी तिने जमिनीपासून सात-आठ मीटरवर डावीकडे वळण घेतले. इतक्या खाली घेतलेल्या वळणात विंग एका अंगाला कलते आणि पायलट झोका घेऊन बाहेर फेकला जातो. झोका सरळ होण्याइतकी उंची शिल्लक नसते. ती बांधावर आदळली. घोट्याचे हाड मोडले आणि विंग तारेत अडकून फाटली. हार्नेसमधील, म्हणजे पायलटच्या पट्ट्यांच्या आसनातील, पाठीच्या संरक्षक गादीमुळे मणक्याला इजा झाली नाही. सभासदांनी तिला हलवण्यापूर्वी पाठ तपासली, पाय बांधला आणि गाडीने तळेगावच्या रुग्णालयात नेले.

त्याच धावपळीत पंधरा-वीस माणसे हरभऱ्यातून धावली. दुसऱ्या दिवशी आबांच्या सुनेने, जिला क्लबमधले जुने सभासद वहिनी म्हणत, शेतात यापुढे कोणी पाऊल ठेवायचे नाही असा निरोप पाठवला.

दुसरा निर्णय : सर्वांनी थांबायचे की काहींनी

त्या आठवड्यातील बैठक लांबली. एका बाजूचे म्हणणे असे होते की नव्यांना थांबवावे आणि अनुभवी पायलटांनी उडत राहावे, कारण त्यांना पठारावर, म्हणजे टेकऑफजवळच, उतरता येते आणि शेताची गरजच पडत नाही. हंगामाचे उत्तम दिवस नुकतेच सुरू झाले होते आणि हे म्हणणे तर्काला धरून होते. दुसऱ्या बाजूने मांडलेला मुद्दा वेगळाच होता. ज्यांच्या शब्दाला क्लबमध्ये आणि गावात वजन आहे तेच उडत राहिले, तर जमिनीचा प्रश्न सोडवायला खाली कोण जाणार? नवे सभासद घरी बसतील, हळूहळू येणे सोडतील आणि प्रश्न आपोआप मिटल्यासारखा दिसेल.

अखेर सर्वांनीच थांबायचे ठरले. हा निर्णय कठीण होता आणि माझ्या मते क्लबने या सबंध प्रकरणात घेतलेला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता. बंदीला ठरावीक तारीख दिली नाही. ‘उतरण्याची मान्य जागा लेखी ठरेपर्यंत’ असा शब्दप्रयोग कार्यवृत्तात नोंदवला गेला.

तपासलेले पर्याय

कुंपण मागे घ्यावे यासाठी नव्या मालकाशी बोलणे हा पहिला पर्याय. क्लबने त्यासाठी आपल्या एका ज्येष्ठ सभासदाला पाठवले. मालकाने नम्रपणे नकार दिला, आणि जमीन त्याची असल्याने त्यात गैर काही नव्हते. पण गावाला न विचारता क्लब परस्पर शहरातल्या खरेदीदाराकडे गेला, ही गोष्ट धाकट्या भावाला लागली. पुढची बोलणी त्यामुळे लांबली.

पठारावर उतरणे हा दुसरा पर्याय. वारा टेकडीच्या कड्यावरून वर चढून मागच्या अंगाला भोवऱ्यांत मोडतो, त्याला पायलट रोटर म्हणतात. पठारावर उतरताना कड्याच्या फार मागे गेले तर त्या रोटरमध्ये विंग मिटू शकते, आणि फार पुढे राहिले तर वर चढणारी हवा खाली येऊच देत नाही. या दोहोंमधली योग्य जागा ओळखण्यास सराव लागतो. अनुभवी सभासदांसाठी हा मार्ग योग्य ठरला, इतरांसाठी नाही.

तिसरा पर्याय ओढ्यापलीकडचे तीन एकरांचे सलग शेत. जागा मोठी, सपाट, चहूबाजूंनी मोकळी. पण ते टेकडीपासून ७०० मीटरवर होते आणि वाटेत, साधारण ४५० मीटरवर, ११ केव्हीची वीजवाहिनी आडवी जात होती. क्लबने येथे अंदाजावर न राहता हिशेब मांडला, आणि तो इथे देणे उपयोगी आहे.

सुरुवातीच्या पातळीवरील विंग स्थिर हवेत १ मीटर खाली येताना साधारण ८ मीटर पुढे जाते आणि तिचा हवेतील वेग ताशी सुमारे ३६ किलोमीटर असतो. समोरून ताशी १८ किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग निम्मा होतो, आणि म्हणून १ मीटर खाली येताना पुढे जाण्याचे अंतरही ४ मीटरवर येते. टेकऑफच्या पातळीवरून, म्हणजे १५० मीटर उंचीवरून, अशा वाऱ्यात ६०० मीटरच जाता येईल. शेत ७०० मीटरवर आहे. वीजवाहिनीवरून जाताना उंची जेमतेम ३८ मीटर उरेल. मात्र टेकऑफच्या वर १०० मीटर उंची मिळवून निघाल्यास वाहिनीवर १३७ मीटर आणि शेतावर ७५ मीटर उरतात, म्हणजे वळणे घेऊन व्यवस्थित उतरता येते. १८ किलोमीटरच्या वाऱ्यात टेकडीला धरून उडताना १०० मीटर उंची मिळवणे सहसा अवघड नसते.

अडचण मंद वाऱ्याची होती. ताशी १० किलोमीटरच्या वाऱ्यात टेकडीवर उंची मिळत नाही. टेकऑफच्या पातळीवरूनच निघाल्यास पायलट शेतापर्यंत पोहोचतो खरा, पण तेथे त्याच्या हाती तीसएक मीटरच उरतात, आणि वाटेत खाली जाणाऱ्या हवेचा एक पट्टा लागला की तेही राहत नाहीत. नवे पायलट मुद्दाम मंद वाऱ्यातच उडवले जातात. म्हणजे हे मोठे, सुंदर शेत ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती त्यांच्याच उपयोगाचे नव्हते. हे कागदावर दिसेपर्यंत जवळजवळ सर्व सभासद त्या शेतालाच उत्तर समजत होते.

टेकडी बदलणे हा चौथा पर्याय. परिसरातील पूर्वाभिमुख टेकडी हिवाळ्यापुरती उपयोगी होती आणि तिथे आधीच गर्दी होती. पर्याय म्हणून त्याची नोंद झाली, त्यावर फार वेळ घालवला नाही.

गावाशी बोलणी

बोलणी पुढे सरकली ती मुळशीतील भातशेती करणाऱ्या घरातून आलेल्या एका सभासदामुळे. तो आणि त्याची पत्नी वहिनींच्या घरी गेले, जमिनीचा विषय न काढता आधी पिकाची नासधूस झाल्याबद्दल माफी मागितली आणि किती सरी गेल्या ते शेतात जाऊन पाहिले. तेव्हा कळले की आबांच्या पश्चात हरभरा हे त्या घराचे उन्हाळ्यापूर्वीचे एकमेव रोख उत्पन्न होते. शेत वहिनी कसत होत्या, पण सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते. क्लबने नुकसानभरपाई सातबारा पाहून दिली असती, तर ती त्यांच्या हाती पडली नसती. भरपाई त्यांच्या हातात दिली गेली. भाड्याचा विषय त्यानंतर दोन आठवड्यांनी निघाला, आणि तो वहिनींनी काढला.

धाकट्या भावाची तक्रार सरळ होती. इतकी वर्षे लोक पैसे कमावतात आणि आमच्या शेतात फुकट उतरतात, असे त्याला वाटत होते. क्लबने त्याला आपला जमाखर्च दाखवला. टँडेम उड्डाणे करणारा गट वेगळा आहे, हे त्याला पहिल्यांदाच समजले. राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून व्यावसायिक आयोजकांना नोंदणी आवश्यक आहे, ही माहितीही त्याला दिली, जेणेकरून त्या गटाशी त्याला स्वतंत्रपणे बोलता यावे.

केलेली कार्यवाही

करार करायचा तर तो कोणाच्या नावे, हा प्रश्न लगेच उभा राहिला. नोंदणी नसलेल्या गटाला स्वतःच्या नावाने करार करता येत नाही आणि एका सभासदाच्या नावे केल्यास सगळी जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणून क्लबने १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदणीचा अर्ज केला. त्यासाठी किमान सात सभासद लागतात. सात मिळणे सोपे होते, संस्थेची घटना लिहिणे आणि पदाधिकाऱ्यांची जबाबदारी ठरवणे यात वेळ गेला, आणि ही चर्चा खरे तर फार आधी व्हायला हवी होती.

नोंदणी झाल्यावर ओढ्यापलीकडच्या शेताचा अकरा महिन्यांचा करार झाला. भाडे उड्डाणांच्या संख्येवर न ठेवता हंगामाचे एकरकमी ठेवले, म्हणजे वारा नसलेल्या आठवड्यांतही शेतकऱ्याचे उत्पन्न कमी होत नाही आणि मोजणीवरून वाद होत नाहीत. बांध फोडायचा नाही, गाडी डांबरी रस्त्यावरच थांबेल, पाहुणे आणल्यास त्यांना पिकाबाहेर ठेवण्याची जबाबदारी त्या सभासदाची, अशी कलमे त्यात आली. जुनी २० गुंठ्यांची पट्टी केवळ आणीबाणीसाठी राहिली आणि तिच्यासाठी धाकट्या भावाला वेगळी रक्कम ठरली.

उडण्याचे नियमही बदलले. टेकऑफच्या वर १०० मीटर मिळाल्याशिवाय नव्या शेताकडे निघायचे नाही. वाहिनीच्या अलीकडे असलेल्या एका मोठ्या आंब्याच्या झाडावर पोहोचल्यावर उंची पाहायची, आणि वाहिनी ५० मीटर राखून ओलांडता येणार नाही असे दिसले तर तिथेच मागे वळून आणीबाणीची पट्टी गाठायची. तारा वरून दिसत नाहीत, दिसतात ते खांब. म्हणून वाहिनीपासून सुरक्षित अंतर ठेवून शेतमालकांच्या परवानगीने भगव्या कापडाच्या झेंड्यांचे बांबू रोवले. नव्या पायलटांचे टेकडीवरून उडणे बंद केले आणि त्यांच्यासाठी चाळीस मीटर उंचीचा, खाली गवताळ माळ असलेला उतार शोधला, जिथे ते विंग हाताळण्याचा आणि छोट्या उड्या मारण्याचा सराव करू लागले.

परिणाम

त्यानंतरच्या हंगामात उतरताना कोणाला दुखापत झाली नाही. आणीबाणीची पट्टी काही वेळा वापरावी लागली आणि एक पायलट आंब्याच्या झाडावरून मागे वळल्यावर पट्टीपर्यंत न पोहोचता बाभळीत अडकला, पण इजा झाली नाही. नियमाने सांगितलेला निर्णय त्याने वेळेवर घेतला होता, म्हणून क्लबने ती घटना दोष म्हणून नोंदवली नाही आणि हे योग्यच झाले.

किंमत मोजावी लागली. वर्गणी वाढली, काही जुने सभासद दुसऱ्या टेकडीवर निघून गेले आणि नव्यांपैकी काहींना चाळीस मीटरच्या उतारावर महिनोन्‌महिने घालवणे मान्य झाले नाही. दुखापत झालेली सभासद बरी होऊन पुन्हा उडू लागली. तिच्या वैयक्तिक अपघात विम्याने दावा नाकारला, कारण त्यात साहसी खेळ वगळलेले होते. आता सभासद होताना प्रत्येकाकडून विम्यातील हे कलम वाचल्याची सही घेतली जाते.

गावातील दोन तरुण वाऱ्याची नोंद ठेवण्याच्या कामावर आले. त्यांतील एक, वहिनींचा पुतण्या, आता छोट्या उतारावर विंग हाताळायला शिकतो आहे.

वेगळे काय करता आले असते

कुंपण पडले त्या पहिल्या शनिवारी, कोणी उड्डाण करण्यापूर्वी, सर्वांनी खाली जाऊन पट्टी पायांनी मोजायला हवी होती. रुंदी २२ मीटर आहे हे अपघातानंतर मोजले गेले. ही एक गोष्ट केली असती तर पुढचे बहुतेक टळले असते असे मला ठामपणे वाटते.

जमीन विकली जात आहे हे क्लबला आधी कळू शकले असते. सातबारा ऑनलाइन पाहता येतो, आणि खरेदी झाल्यावर फेरफाराची नोटीस लागते व हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. क्लबला हरकतीचा अधिकार नव्हता, पण जानेवारीत कुंपण पाहून चकित होण्याऐवजी डिसेंबरमध्येच पर्याय शोधता आला असता. आता हंगामापूर्वी संबंधित गट क्रमांकांचे सातबारे पाहणे सचिवाच्या कामात घातले आहे.

आबांशी असलेला जिव्हाळा खरा होता, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. पण तो एकाच माणसाशी होता. भावांशी, सुनेशी, पुढच्या पिढीशी बोलणे त्यांच्या हयातीतच, त्यांच्याच मध्यस्थीने सुरू झाले असते, तर वाटणीच्या वेळी उतरण्याच्या पट्टीचा विचार घरातच झाला असता आणि कुंपणाची रेषा कदाचित वेगळी आखली गेली असती.

काही प्रश्न अजून सुटलेले नाहीत. ओढ्यापलीकडच्या शेताच्या तीन खातेदारांपैकी एक मुंबईला असतो आणि त्याची सही करारावर अद्याप झालेली नाही. त्याच्या हिश्श्याचे भाडे क्लब वेगळे काढून ठेवतो. व्यावसायिक गट अजूनही आणीबाणीच्या पट्टीत उतरतो आणि त्याबद्दल त्याच्याशी काय ठरवायचे हे धाकट्या भावाने क्लबवर सोपवलेले नाही, स्वतःकडे ठेवले आहे. कराराचे अकरा महिने भातकापणीच्या सुमारास संपतात. नूतनीकरणाच्या बैठकीला वहिनींनाही बोलवावे, असा ठराव क्लबने केला आहे.